पोत्यावरील आंकडे आणि अणुभारांचा तक्ता

ठिबक सिंचनाची सोय झाल्यापासून द्राक्षें, डाळिंब व भाजीपाला करणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंच्या तोंडीं कांहीं आंकडे कायमचे बसले आहेत. दुकानांत गेल्यावर खताचें नांव सहसा कोणी घेत नाहीं; "शून्य-बावन्न-चौतीस द्या", "बारा-एकसष्ट-शून्य आलें आहे काय?" असेंच विचारलें जातें. हे आंकडे कोठून आले, बावन्नच कां, पंचावन्न कां नाहींत, असा प्रश्न मात्र फारसा कोणी करीत नाहीं. कारखानदारानें ठरविले असतील, असेंच बहुतेकांस वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. हे आंकडे कोणाच्या मर्जीनें ठरलेले नसून त्या त्या पदार्थाच्या रेणूच्या घडणींतून निघालेले आहेत. आणि ज्यास बेरीज, गुणाकार व भागाकार येतो त्यास ते घरीं बसून पडताळून पाहतां येतात. तो हिशेब कसा करावयाचा, त्यानें काय कळतें आणि काय कळत नाहीं, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हा तर शाळेंतील रसायनशास्त्राचा भाग, शेतीशीं त्याचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. परंतु आपण दुकानदारास पैसे देतों ते पोत्याच्या वजनाबद्दल, आणि पिकास उपयोग होतो तो त्यांतील अन्नद्रव्याचा. या दोहोंमधील अंतर ज्यास मोजतां येत नाहीं, त्यास स्वस्त खत कोणतें व महाग कोणतें हें कधींच निश्चित सांगतां यावयाचें नाहीं.

प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूस ठराविक भार असतो. तो इतका सूक्ष्म कीं ग्रॅमांत सांगून कोणास बोध होणार नाहीं; म्हणून अणूंचे भार एकमेकांच्या तुलनेनें सांगतात. ज्या कर्बाच्या अणूच्या केंद्रांत सहा प्रोटॉन व सहा न्यूट्रॉन असतात त्याचा भार बरोबर १२ मानून इतरांचे भार ठरविण्याची पद्धति १९६१ सालापासून रूढ आहे. (तक्त्यांत कर्बापुढें १२.०११ असें आढळतें, याचें कारण सृष्टींतील कर्बांत थोडे अधिक भाराचे अणुही मिसळलेले असतात आणि तक्त्यांतील आंकडा सरासरीचा असतो.) आपल्या कामास लागणारे भार फार नाहींत. हिशेबाच्या वहींत ते पहिल्याच पानावर लिहून ठेवावे: हायड्रोजन १.००८, कर्ब १२.०११, नत्र १४.००७, प्राणवायु १५.९९९, मॅग्नेशियम २४.३०५, फॉस्फरस ३०.९७४, गंधक ३२.०६, क्लोरीन ३५.४५, पोटॅशियम ३९.०९८, कॅल्शियम ४०.०७८, लोह ५५.८४५, तांबें ६३.५४६ आणि जस्त ६५.३८.

हा तक्ता ज्याच्या नांवें ओळखला जातो त्या रशियन रसायनज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यानें १८६९ सालीं, त्या वेळीं ठाऊक असलेलीं ६३ मूलद्रव्यें अणुभाराच्या चढत्या क्रमानें मांडलीं. आज मूलद्रव्यांची संख्या ११८ आहे, आणि मांडणीचा क्रमही अणुभारावरून नव्हे तर अणुक्रमांकावरून लावतात. आमच्या वाचकांस एक गोष्ट विशेष रुचेल: मेंडेलीव्हनें १८६५ सालीं बोब्लोवो येथें जमीन विकत घेतली होती आणि तेथें तो स्वतः खतांचे प्रयोग करीत असे. तक्ता मांडणाऱ्याच्या हातास शेताची माती लागलेली होती.

रेणूंत जे अणु असतील त्या सर्वांच्या भारांची बेरीज म्हणजे रेणुभार. तेवढे ग्रॅम तो पदार्थ घेतला म्हणजे त्याचा एक मोल होतो, आणि त्या वजनास मोलर वस्तुमान म्हणतात. कोणत्याही पदार्थाच्या एका मोलांतील रेणूंची संख्या सारखीच असते, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, हा तिचा आंकडा २०१९ सालीं कायमचा निश्चित करण्यांत आला. आपणांस इतक्या मोठ्या संख्येशीं कर्तव्य नाहीं. आपणांस हवें तें प्रमाण. आणि ग्रॅमाऐवजीं किलो घेतले काय, क्विंटल घेतले काय, प्रमाण बदलत नाहीं.

प्रथम युरिया घेऊं. त्याच्या रेणूंत कर्बाचा एक, प्राणवायूचा एक, नत्राचे दोन व हायड्रोजनचे चार अणु असतात. कर्ब १२.०११, प्राणवायु १५.९९९, नत्र दोनदां, म्हणजे २८.०१४; हायड्रोजन चार वेळां, म्हणजे ४.०३२. बेरीज ६०.०५६. तेव्हां ६०.०५६ किलो शुद्ध युरियांत २८.०१४ किलो नत्र, म्हणजेच शेंकडा ४६.६५. पोत्यावर ४६ छापलेले असतात, ते यामुळेंच. नवशिक्याची चूक येथें एका ठराविक जागीं होते. युरियाचें सूत्र लिहितांना नत्राचा एक व हायड्रोजनचे दोन अणु असा गट कंसांत घालून बाहेर दोनचा आंकडा मांडतात. तो दोन कंसांतील सर्वांस लागू असतो. तो नत्रास लावला आणि हायड्रोजनला लावावयाचा विसरला, तर बेरीज ५८.०४० येते व नत्र शेंकडा ४८.२७ भरतें, म्हणजे कागदावरच खत अधिक जोरदार होतें!

युरियाचें पोतें २०१८ सालीं ५० किलोंऐवजीं ४५ किलोंचें करण्यांत आलें. त्यांत शेंकडा ४६ प्रमाणें २०.७ किलो नत्र येतें. उरलेले २४.३ किलो म्हणजे कारखानदारानें घातलेली भरताड, असा समज आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तो खरा नाहीं. तें वजन मुख्यतः कर्ब, प्राणवायु व हायड्रोजन यांचें आहे; त्यांच्यावांचून युरिया होतच नाहीं. नत्र एकटें वायुरूप असतें, तें पोत्यांत भरतां येत नाहीं. तें कशाशीं तरी जोडूनच आणावें लागतें, आणि त्या जोडीदारांचें वजन आपणांस वाहून न्यावें लागतें.

आतां शून्य-बावन्न-चौतीसकडे वळूं. परंतु त्यापूर्वीं एक जुनी रूढि समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व घोटाळा तिच्यांतून उत्पन्न होतो. पोत्यावरील पहिला आंकडा नत्राचा; तो मूलद्रव्याचाच असतो. दुसरा स्फुरदाचा व तिसरा पालाशाचा. हे मात्र मूलद्रव्याचे नसतात. एकोणिसाव्या शतकांतील रसायनज्ञ वनस्पति जाळून राखेचें पृथक्करण करीत आणि आलेलें उत्तर ऑक्साइडांच्या रूपांत मांडीत. पुढें व्यापारानें तीच भाषा उचलली, आणि ती आजतागायत चालू आहे. म्हणून पोत्यावरील स्फुरद म्हणजे फॉस्फरसचे दोन व प्राणवायूचे पांच अणु मिळून होणारें ऑक्साइड, आणि पालाश म्हणजे पोटॅशियमचे दोन व प्राणवायूचा एक अणु मिळून होणारें ऑक्साइड. गंमत अशी कीं हीं ऑक्साइडें त्या पोत्यांत मुळींच नसतात. तीं केवळ हिशेबाचीं मापें आहेत. आपल्या नेहमींच्या बोलण्यांत स्फुरद हा शब्द दोन्ही अर्थीं वापरला जातो. या लेखांत मात्र आम्ही मूलद्रव्यास फॉस्फरस व पोटॅशियम म्हणूं, आणि पोत्यावरील मापास स्फुरद व पालाश म्हणूं.

स्फुरदाचा रेणुभार: फॉस्फरस दोनदां ६१.९४८, प्राणवायु पांच वेळां ७९.९९५, एकूण १४१.९४३. त्यांत फॉस्फरस शेंकडा ४३.६४. पालाशाचा रेणुभार: पोटॅशियम दोनदां ७८.१९६, प्राणवायु १५.९९९, एकूण ९४.१९५, त्यांत पोटॅशियम शेंकडा ८३.०१.

शून्य-बावन्न-चौतीस म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. याच्या रेणूंत पोटॅशियमचा एक, हायड्रोजनचे दोन, फॉस्फरसचा एक व प्राणवायूचे चार अणु. बेरीज अशी: ३९.०९८, २.०१६, ३०.९७४ व ६३.९९६, एकूण १३६.०८४. फॉस्फरसचा अणु एकच असल्यामुळें स्फुरद अर्ध्या रेणूइतका धरावयाचा, म्हणजे ७०.९७, पोटॅशियमही एकच, म्हणून पालाश अर्धा, ४७.१०. भागाकार केला कीं स्फुरद शेंकडा ५२.१५ आणि पालाश शेंकडा ३४.६१ येतो. नत्राचा अणु रेणूंत नाहींच, म्हणून पहिलें शून्य. पोत्यावर दुसरें कांहीं छापणें शक्यच नव्हतें.

बारा-एकसष्ट-शून्य हें मोनो अमोनियम फॉस्फेट. रेणुभार ११५.०२५, नत्र १२.१८, स्फुरद ६१.७०. तेरा-शून्य-पंचेचाळीस हें पोटॅशियम नायट्रेट. रेणुभार १०१.१०२, नत्र १३.८५, पालाश ४६.५८. शून्य-शून्य-पन्नास, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, याचा रेणुभार १७४.२५२ असून पालाश ५४.०६ भरतो, पोत्यावर हमी ५० चीच असते, आणि शिवाय शेंकडा १८ च्या आसपास गंधक पदरांत पडतें. म्युरेट ऑफ पोटॅशमध्यें शुद्ध पदार्थास ६३.१८ येतो, पोत्यावर ६० असतो. म्हणजे माल सुमारें शेंकडा ९५ शुद्ध आहे असें आपणांस घरबसल्या कळलें. एकोणीस-एकोणीस-एकोणीस किंवा दहा-सव्वीस-सव्वीस हे आंकडे मात्र असे निघणार नाहींत. तीं मिश्रखतें आहेत. त्यांचे आंकडे रेणूनें नव्हे, मिसळणाऱ्यानें ठरविलेले असतात.

डीएपीच्या बाबतींत हिशेब प्रथमदर्शनीं फसल्यासारखा वाटतो. डाय अमोनियम फॉस्फेटच्या रेणूंत नत्राचे दोन, हायड्रोजनचे नऊ, फॉस्फरसचा एक व प्राणवायूचे चार अणु, रेणुभार १३२.०५६. त्यावरून नत्र २१.२१ व स्फुरद ५३.७४ येतो, आणि पोत्यावर असतात अठरा-सेहेचाळीस. चूक आपली नाहीं. खनिज फॉस्फेटापासून गंधकाम्लाच्या साह्यानें जें फॉस्फरिक आम्ल काढतात त्यांत लोह, ॲल्युमिनियम इत्यादींचे अंश राहतात, आणि तयार खतांत थोडें मोनो अमोनियम फॉस्फेटही असतें. म्हणून व्यापारी माल शुद्ध पदार्थाच्या खालीं राहतो. जातां जातां एक योगायोग पाहण्यासारखा आहे. अमोनियम सल्फेटचा रेणुभार १३२.१३४ आहे व त्यांतही नत्राचे अणु दोनच. म्हणून शुद्ध स्थितींत या दोन सर्वस्वी भिन्न खतांत नत्राचें प्रमाण जवळजवळ एकच, २१.२० व २१.२१, पडतें.

यावरून या हिशेबाचा सर्वांत मोठा उपयोग ध्यानांत येईल. रेणुभारावरून काढलेला आंकडा ही कमाल मर्यादा होय. खरा माल तिच्या खालीं असूं शकतो, वर कधींही नाहीं. उद्यां कोणी गोड बोलून पन्नास टक्के नत्राचा युरिया दाखविला, किंवा शून्य-साठ-चाळीस अशा छापाचें मोनो पोटॅशियम फॉस्फेट पुढें केलें, तर प्रयोगशाळेंत जाण्याचीही गरज नाहीं. अशी वस्तु सृष्टींत असूं शकत नाहीं, असें वही उघडून त्याच्या तोंडावर सांगतां येईल.

फॉस्फरस व स्फुरद यांच्या घोटाळ्यानें प्रत्यक्ष नुकसान कसें होतें, हेंही पाहूं. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत खतांचे आंकडे मूलद्रव्यांत देण्याची चाल आहे. तेथें आपला अठरा-सेहेचाळीस डीएपी अठरा-वीस म्हणून विकला जातो. माल तोच, सेहेचाळीसला ०.४३६४ नें गुणलें कीं वीस येतात. आतां एखाद्या उत्साही तरुणानें तिकडील पुस्तिकेंत हेक्टरीं २५ किलो फॉस्फरस द्यावा असें वाचलें आणि तो आपला स्फुरदच समजून डीएपी मोजला, तर तो ५४ किलोंवर थांबेल. वास्तविक २५ किलो फॉस्फरस म्हणजे ५७.३ किलो स्फुरद, आणि त्यासाठीं १२४.५ किलो डीएपी लागेल. पीक अर्ध्याहून अधिक उपाशी राहिलें, आणि दोष बियाण्यास गेला! माती परीक्षणाचा कागद हातीं आल्यावरही त्यावरील आंकडा मूलद्रव्याचा कीं ऑक्साइडाचा, हें विचारून घेतल्याशिवाय खताची यादी करूं नये. पिण्याच्या पाण्यांतही हाच प्रकार आढळतो. आपल्याकडे नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि अमेरिकेंत ती १० आहे. त्यावरून आमचा नियम ढिला असें अनुमान निघतें. पण तेथील १० हे नायट्रेटमधील केवळ नत्राचे आहेत. नायट्रेटचा भार ६२.००४, त्यांत नत्र १४.००७, ४५ चें नत्र काढलें तर १०.१७ येतें. मर्यादा एकच आहे.

दुसरें फसण्याचें स्थान म्हणजे स्फटिकांतील पाणी. कित्येक क्षार कोरडे दिसले तरी त्यांच्या स्फटिकांत पाण्याचे रेणु ठराविक संख्येनें बांधलेले असतात, आणि तें पाणी आपण खताच्याच भावानें विकत घेतों. पाण्याचा रेणुभार १८.०१५. झिंक सल्फेट बाजारांत दोन प्रकारचें मिळतें. एकांत पाण्याचे सात रेणु, दुसऱ्यांत एक. निर्जल झिंक सल्फेटचा भार १६१.४३६, त्यांत सात रेणु पाणी मिळविलें कीं २८७.५४१ होतात, व जस्त शेंकडा २२.७४ पडतें. एकच रेणु मिळविला तर १७९.४५१, व जस्त ३६.४३. खत नियंत्रण आदेशाप्रमाणें या दोहोंस अनुक्रमें २१ व ३३ ची हमी आहे. म्हणून हेक्टरीं २५ किलो झिंक सल्फेट टाकण्याची शिफारस सात रेणूंच्या मालाबद्दल असेल, तर एका रेणूचा माल १६ किलो पुरे होतो. आणि शिफारस एका रेणूची असतां दुसरा माल टाकला, तर जस्त कमी पडतें. भावाचाही विचार असाच करावा. समजा, पहिला माल किलोस ६० रुपयांनीं व दुसरा ९० रुपयांनीं मिळतो. दिसण्यांत पहिला स्वस्त. पण ६० ला ०.२१ नें भागिलें तर जस्ताचा एक किलो २८६ रुपयांस पडतो, आणि ९० ला ०.३३ नें भागिलें तर २७३ रुपयांस. महाग तोच स्वस्त निघाला. पोतें वाहून आणण्याची मजुरी आम्हीं येथें धरलेलीच नाहीं.

बागाईतदारांच्या परिचयाचें बोर्डो मिश्रणही याच कोष्टकांत बसतें. मोरचुदाच्या स्फटिकांत पाण्याचे पांच रेणु असतात, रेणुभार २४९.६७७, तांबें शेंकडा २५.४५. मिश्रणांतील चुना कळीचा सांगितला असेल आणि जवळ विरविलेल्या चुन्याची पूड असेल, तर एक किलोच्या जागीं एक किलोच घेणें चुकीचें होय. कळीच्या चुन्याचा भार ५६.०७७, विरविलेल्याचा ७४.०९२, तेव्हां एका किलोच्या जागीं १.३२ किलो पूड घ्यावी. चुना कमी पडला कीं तांब्याचा अंश मोकळा राहून पानें करपतात, हा अनुभव पुष्कळांस आहे.

एवढें सांगितल्यावर या हिशेबास जें जमत नाहीं तेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. पोत्यांत काय असावयास पाहिजे एवढेंच तो सांगतो. प्रत्यक्ष काय आहे, तें सांगत नाहीं. झिंक सल्फेटमध्यें मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ करणें हा जुना धंदा आहे. दोहोंचे पांढरे स्फटिक सारखेच दिसतात, आणि निम्मा माल तसा असला तर जस्त शेंकडा अकराच्या आसपास घसरतें. वही तेथें मुकी होते. संशय आल्यास पोतें न फोडतां, पावती जपून ठेवून, कृषि खात्याच्या खत निरीक्षकाकडून रीतसर नमुना घेववावा. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत त्याची तरतूद आहे. तसेंच, अन्नद्रव्य पोत्यांत असणें आणि तें मुळांस मिळणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. खनिज फॉस्फेटाच्या पुडींत स्फुरद भरपूर असतो, परंतु तो पाण्यांत विरघळत नाहीं. आम्लधर्मी जमिनींत तो हळूहळू मोकळा होतो, पण आमच्या देशावरील चुनखडीच्या काळ्या जमिनींत तो बहुतेक तसाच पडून राहतो.

ज्यांस हात बसवावयाचा असेल त्यांनीं दोन उदाहरणें स्वतः करून पाहावीं. हिराकशींत लोहाचा एक, गंधकाचा एक, प्राणवायूचे चार अणु व पाण्याचे सात रेणु असतात. लोह शेंकडा २०.०९ यावें. जिप्सममध्यें कॅल्शियमचा एक, गंधकाचा एक, प्राणवायूचे चार अणु व पाण्याचे दोन रेणु. त्यांत गंधक शेंकडा १८.६२ यावें. तें २३.५५ आलें, तर पाण्याचे दोन रेणु धरावयाचे राहिले असें समजून बेरीज पुन्हां करावी.